कॅमेऱ्याला लेन्स किती असाव्यात?



वसंतातील व्याख्यानांत संतवाङ्मयापासून अर्थसंकल्पापर्यंत सारे विषय येऊन जातात. त्यांच्या पंगतीत कॅमेऱ्याच्या लेन्सचे पान मांडलेले पाहून कोणास नवल वाटले, तर त्यात गैर काही नाही. परंतु हा विषय आता केवळ छांदिष्टांचा राहिलेला नाही. मुलाच्या मुंजीच्या निमित्ताने, निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांतून किंवा परदेशी असलेल्या भावाने आणून दिला म्हणून, डिजिटल कॅमेरा कितीतरी घरांत आलेला आहे. आणि कॅमेरा आला की सहा महिन्यांत पुढचा प्रश्न उभा राहतो : आता याला आणखी लेन्स कोणती घ्यावी? दुकानदार एक सांगतो, भाचा दुसरी सांगतो, सहलीत भेटलेला कोणी तिसरीच सांगतो. मग दोन-तीन वर्षांत पिशवीत पाच लेन्स जमतात, त्यांपैकी तीन कपाटातच राहतात, आणि पिशवी जड झाली म्हणून एके दिवशी कॅमेराही कपाटात जातो. लेन्सला पैसे थोडे पडत नाहीत. एका बऱ्या लेन्सच्या किमतीत घरातले एखादे अडलेले काम मार्गी लागते. तेव्हा थोड्या लेन्समध्ये पुष्कळ काम कसे भागवावे, एवढाच आजचा विषय.

प्रथम एक शंका निकालात काढू. फोनमध्येच आता दोन-तीन लेन्स असतात, मग हा खटाटोप कशाला? ज्यांचे काम फोनने भागते त्यांनी खरोखरच कॅमेरा घेऊ नये. भर उजेडातील देखावा, जेवणाचे ताट, चार मित्रांचा घोळका यांना फोन पुरतो. फोन कमी पडतो तो अंधारात हलणाऱ्या माणसापुढे आणि दूरच्या पाखरापुढे, कारण त्याचा सेन्सर, म्हणजे जिथे प्रकाश पडून चित्र उमटते ती पट्टी, फारच लहान असते. आपल्याला ज्या कामासाठी कॅमेरा घ्यावयाचा, ते काम हे असे आहे.

लेन्सवर दोन आकडे लिहिलेले असतात. ते वाचता आले की निम्मा विषय संपला. पहिला आकडा मिलिमीटरमध्ये असतो : १८, ३५, ५०, २००. शाळेत ज्याला आपण नाभीय अंतर म्हणत होतो तेच हे, बोलताना त्याला फोकल लेंग्थ म्हणतात. हा आकडा लहान तर देखावा रुंद आणि वस्तू बारीक. आकडा मोठा तर देखावा अरुंद आणि वस्तू मोठी. किती रुंद, हे साध्या त्रैराशिकाने काढता येते. सेन्सरच्या रुंदीला लेन्सच्या आकड्याने भागावे आणि आपण वस्तूपासून किती लांब उभे आहोत त्या अंतराने गुणावे. जो आकडा येईल तितक्या रुंदीचा देखावा चौकटीत मावतो.

आपल्याकडील बहुतेक हौशी कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे २३.५ मि.मी. रुंद असतो, त्याला एपीएस-सी म्हणतात. आता दहा फुटांच्या खोलीत, म्हणजे साधारण तीन मीटरांवरून, १८च्या लेन्सने पाहिले तर ३.९ मीटर रुंदीचे दृश्य मावते : सोफा आणि त्यावर बसलेली सारी मंडळी. ३५ने पाहिले तर दोन मीटर : दोघे-तिघे जण. ५५ने पाहिले तर सव्वा मीटर : मांडीवर नातू घेतलेली आजी. आणि हीच ५५ची लेन्स घेऊन दहा मीटरांवरील चिमणीकडे वळाल, तर चौकट सव्वाचार मीटर रुंद होते व त्यात पंधरा सेंटिमीटरांची चिमणी अठ्ठाविसाव्या हिश्श्याएवढी दिसते. ३००ची लेन्स लावा, चिमणी चौकटीचा पाचवा हिस्सा व्यापते. दुकानात जाण्यापूर्वी हे गणित घरी कागदावर करावे. आपल्या दिवाणखान्याची लांबी आणि अंगणातील झाडाचे अंतर आपल्याला ठाऊक असते. दुकानदाराला ते ठाऊक नसते.

सेन्सरच्या मापाबद्दल दोन शब्द बोलणे भाग आहे, नाहीतर मित्राचा सल्ला आपल्याला लागू पडत नाही. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरला ‘फुल फ्रेम’ म्हणतात. हे माप आले सिनेमाच्या फिल्मवरून. जर्मनीतील वेट्झलार गावी लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचा गृहस्थ होता. त्याने १९१३च्या सुमारास सिनेमाच्या १८ बाय २४च्या दोन चौकटी एकत्र करून एक छोटा कॅमेरा बनविला. तोच पुढे १९२५ साली लायपझिगच्या जत्रेत ‘लायका’ या नावाने लोकांपुढे आला. फिल्म गेली, पण तिचे माप राहिले. फुल फ्रेमवर ५०ची लेन्स जेवढे दाखवते, तेवढे एपीएस-सीवर सुमारे ३५ची दाखवते आणि मायक्रो फोर थर्ड्स या आणखी लहान सेन्सरवर २५ची. म्हणून ‘पन्नास घे’ असे कोणी सांगितले, तर प्रथम ‘तुमचा सेन्सर कोणता?’ असे विचारावे. पुढे मी जे आकडे सांगणार आहे, ते वेगळे म्हटले नसेल तेथे एपीएस-सीचे समजावेत.

दुसरा आकडा एफ हे अक्षर घेऊन येतो : एफ १.८, एफ ४, एफ ५.६. लेन्सचे तोंड किती उघडते याचे हे माप. नाभीय अंतराला उघड्या तोंडाच्या व्यासाने भागले की हा आकडा मिळतो. म्हणून आकडा लहान तितके तोंड मोठे, आणि नवशिक्याचा नेमका येथेच घोटाळा होतो. ५०च्या लेन्सचे तोंड २५ मि.मी. उघडले तर तो एफ २. या आकड्यांची शिडी १.४, २, २.८, ४, ५.६, ८ अशी चढते आणि प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो.

कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८ ते ५५ची झूम लेन्स मिळते. ५५ला नेली की तिचे तोंड एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. उलट ५० मि.मी. एफ १.८ ही लहानशी लेन्स जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. या दहापटीचा अर्थ घरात समजतो. संध्याकाळी देवापाशी दिवा लावलेला आहे, शुभंकरोती चालू आहे. झूम लेन्सला तेथे सेकंदाचा पंधरावा भाग लागत असेल, तर ही लेन्स तेच काम सेकंदाच्या दीडशेव्या भागात उरकते. पंधराव्या भागात मुलाचा हात हलून धूसर होतो, दीडशेव्या भागात तो बराचसा स्थिर मिळतो. हल्ली लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात हाताचा कंप शोषून घेण्याची सोय असते आणि ती फार उपयोगाची आहे. परंतु ती थोपवते आपला कंप, मुलाची चुळबुळ नव्हे. फ्लॅश मारावा, तर दिव्याचा उजेडच चित्रातून नाहीसा होतो. अजिंठ्याच्या लेण्यांत तर फ्लॅशला बंदीच आहे, आणि ती योग्यच आहे. त्या रंगांनी इतकी शतके काढली ती आपल्या फ्लॅशसाठी नव्हेत.

मोठ्या तोंडाची किंमत मात्र द्यावी लागते. दीड मीटरावरून ५०च्या लेन्सने एफ १.८वर फोटो घेतला, तर स्वच्छ दिसणारी पट्टी जेमतेम सहा-साडेसहा सेंटिमीटर जाडीची असते. समोरून घेतलेल्या चेहऱ्यात डोळे स्वच्छ आले की कान धूसर होणारच. एकट्या माणसाच्या फोटोला ते शोभते. दोन रांगांत बसलेल्या कुटुंबाचा फोटो असा घेतला, तर मागची रांग धुक्यात जाते. मागे बसलेल्या काकांना मग समजूत घालावी लागते. तेथे तोंड ५.६ किंवा ८पर्यंत मिटून घ्यावे.

आता एका सार्वत्रिक गैरसमजाबद्दल. ‘रुंद लेन्सने नाक मोठे येते आणि लांब लेन्सने चेहरा गोजिरा येतो’ असे म्हणतात. नाक मोठे करते ती लेन्स नव्हे, आपली उभी राहण्याची जागा. चाळीस सेंटिमीटरांवरून चेहरा टिपला, तर नाक चाळीसवर आणि कान पन्नासवर असतात. म्हणजे कानाच्या मानाने नाक सव्वापट मोठे उमटते. दोन मीटरांवर गेले की नाक दोनशेवर, कान दोनशेदहावर. फरक शेकडा पाचाचा. फोनने हात लांबवून काढलेल्या स्वतःच्या फोटोत आपण आपल्यालाच का आवडत नाही, याचे कारण हेच. तेव्हा माणसाचे चित्र काढताना प्रथम जागा निवडावी : दीड-दोन मीटर. तेथून चेहरा आणि खांदे चौकट भरतील अशी लेन्स मग आपोआप ठरते, आणि ती ५०च्या आसपास येते. फुल फ्रेमवाल्यांची ८५. आधी जागा, मग लेन्स, हा क्रम लक्षात ठेवला तर पुष्कळ खर्च वाचतो.

झूम चांगली की एका आकड्याची, जिला प्राइम म्हणतात ती चांगली, हा वाद तुम्ही ऐकला असेल. दोन्ही बाजूंचे लोक फार आवेशाने बोलतात. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने आपले आयुष्यभराचे बहुतेक काम लायका आणि ५०ची एकच लेन्स यांवर केले. १९४८च्या जानेवारीत दिल्लीत गांधीजींचे अखेरचे दिवस टिपणारा तोच. हे उदाहरण देऊन लोक झूमला नावे ठेवतात. मला ते पटत नाही. पालखीच्या वाटेवर मध्येच पावसाची सर येते, धूळ तर असतेच, खांद्याला खांदा लागलेला असतो. तेथे लेन्स बदलावयास कॅमेरा उघडला की कण थेट सेन्सरवर जाऊन बसतो आणि मग प्रत्येक फोटोच्या आभाळात एक काळा ठिपका दिसतो. वारीत झूमच न्यावी. मिरवणुकीतही तेच. उलट घरात, मंदिराच्या सभामंडपात, गाण्याच्या बैठकीत, जेथे उजेड थोडा आणि वेळ पुष्कळ, तेथे प्राइम. दोघींची कामे वेगळी आहेत; म्हणून माझ्या मते पहिली जोडी अशी असावी : कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी झूम आणि तिच्या जोडीला मोठ्या तोंडाची एक प्राइम. घरे लहान असतील आणि माणसे एकत्र टिपावयाची असतील तर ३५. एकेकट्या चेहऱ्याचे वेड असेल तर ५०. एवढ्यावर पहिले वर्ष काढावे.

तिसरी लेन्स घ्यावयाची की नाही, हे ठरविण्याचे उत्तम साधन आपल्या घरातच आहे, आणि ते फिल्मच्या जमान्यातील माणसाला लाभलेले नव्हते. डिजिटल कॅमेऱ्याच्या प्रत्येक फोटोबरोबर त्याचे जन्मटिपण लिहिले जाते : दिवस, वेळ, नाभीय अंतर, एफचा आकडा, सेकंदाचा भाग. संगणकावर फोटोची माहिती उघडली की ते दिसते. वर्षभराचे जे फोटो आपण खरोखर जपून ठेवले, तेवढेच घ्यावेत. काढलेले सारे नकोत. त्यांचे आकडे वहीत मांडावेत. एका पावसाळी रविवारचे काम आहे. समजा, पुष्कळसे फोटो १८वर अडकलेले निघाले, तर आपण सतत भिंतीला पाठ लावून उभे असतो. आपल्याला रुंद लेन्स हवी आहे. ५५वर अडकलेले निघाले, तर दोन अर्थ संभवतात : खरोखरच लांबची लेन्स हवी आहे, किंवा चार पावले पुढे जाण्याचा आपल्याला संकोच वाटतो. दुसऱ्या आजारावर लेन्स हे औषध नाही. झूमचे कडे ३५वर चिकटपट्टी लावून आठवडाभर तसेच वापरून पाहावे. ते पाय हलविण्यास शिकवते आणि त्याला खर्च नाही.

या मोजदादीत आणखी एक गोष्ट बहुधा नजरेस येते. ज्यासाठी लेन्स घेण्याचे मनात असते तो वाघ वहीत दोन दिवस असतो. उरलेले वर्ष स्वयंपाकघर, अंगण, मुले आणि म्हातारी माणसे यांनी भरलेले असते. वाघाची लेन्स आली आणि आईचा एकही धड फोटो घरात नाही, अशी घरे मी पाहिली आहेत. पुढे आई गेल्यावर भिंतीवर लावण्यास आधारकार्डाचा फोटो मोठा करून घ्यावा लागतो. म्हणून मोठ्या तोंडाची लेन्स मी पहिल्या जोडीत धरली आहे, तिसऱ्या जागी नाही.

तरीही ज्याला पक्ष्यांचा नाद आहे, त्याने लांब लेन्स घ्यावीच. ताडोबात पन्नास मीटरांवरील वाघाला ३००ची लेन्स चार मीटरांची चौकट देते. ते पुरेसे आहे. भिगवणला उजनीच्या पाण्यात रोहित पाहावयाचे, तर ४००देखील तोकडी पडते. लांब लेन्स नसली की माणूस नाव पुढे घ्यावयास सांगतो, घरट्यापाशी जातो, थवा उठतो, आणि चित्र मिळते ते उडून जाणाऱ्या पाठींचे. पाखराला त्याचा त्रास होतो तो वेगळाच. ज्याला वर्षातून एकदाच जंगलात जावयाचे, त्याने लेन्स भाड्याने आणावी. पुण्या-मुंबईत ती सोय आहे आणि तीन दिवसांचे भाडे किमतीच्या मानाने किरकोळ पडते. मोठ्या तोंडाची ७० ते २००ची झूम सुमारे दीड किलो भरते, ५०ची छोटी प्राइम १६० ग्रॅमच्या आसपास. दीड किलो गळ्यात घालून एक दिवस हिंडल्यावर विकत घेण्याचा विचार पुष्कळांचा आपोआप मावळतो.

फुलांच्या नादाला निराळी वाट आहे. कासच्या पठारावरील फुले बोटाच्या पेराएवढी, काही त्याहून बारीक. त्यासाठी मॅक्रो लेन्स उत्तम खरी; पण सुरुवातीला एक्स्टेन्शन ट्यूब पुरते. ही नुसती पोकळ नळी असते, आत काच नाही, म्हणून स्वस्त. ५०च्या लेन्समागे २५ मि.मी.ची नळी लावली की वस्तू सेन्सरवर किमान निम्म्या आकाराची उमटते; चार सेंटिमीटरांचे जास्वंदीचे पाकळीचे टोक जवळजवळ चौकट भरते. दूरचे मात्र तेवढा वेळ काही दिसत नाही. कासला तिचा वापर पायवाटेच्या कडेच्या फुलांपुरताच करावा. आतले एक फूल टिपण्यासाठी दहा तुडवणारे महाभाग तेथे दर भाद्रपदात दिसतात.

आकड्यांच्या साखळीत फट राहू नये अशी एक भीती असते. १८ ते ५५ आहे आणि दुसरी ७० ते ३००. मग ५५ ते ७० चे काय? काही नाही. एक पाऊल पुढे टाकावे. येथे वजाबाकी पाहावयाची नसून भागाकार पाहावयाचा असतो. १८ आणि २४ यांत सहाचाच फरक, पण दृश्य पाऊणपट होते. २०० आणि २०६ यांतही सहाचाच फरक, आणि तो डोळ्याला कळत नाही. प्रत्येक लेन्स आधीच्यापेक्षा साधारण दीडपट-दुपटीने मोठी असली की पुरे. १८ ते ५५, ५५ ते २५० आणि वर १८ ते १४० असा संच मात्र एकच जमीन तीनदा खरेदी करण्यासारखा आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. कॅमेरा बदलतो, लेन्स राहते. म्हणून लेन्स घेताना तिची बैठक, म्हणजे माउंट, पाहावी. निकॉनची एफ बैठक १९५९ची, कॅननची ईएफ १९८७ची. २०१८ साली या दोन्ही कंपन्यांनी आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांसाठी नव्या बैठका आणल्या. जुन्या ईएफ बैठकीत लेन्स सेन्सरपासून ४४ मि.मी.वर बसे, नव्या आरएफमध्ये २० मि.मी.वर. मधली जागा अॅडॅप्टरने भरून निघते, म्हणून जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला चालते. नवी लेन्स जुन्या कॅमेऱ्याला कधीच चालत नाही, कारण तेवढी जागा आणावयाची कोठून? निकॉनच्या काही जुन्या लेन्स मात्र त्यांच्या अॅडॅप्टरवर आपोआप फोकस होत नाहीत. हाताने कडे फिरवावे लागते. यामुळे जुन्या बैठकीच्या चांगल्या लेन्स आज वापरलेल्या बाजारात पुष्कळ येतात, आणि थोडक्या पैशांत संच जमवणाऱ्याला ही संधी आहे.

मुंबईत बोरा बाजारात किंवा ओळखीच्या माणसाकडून अशी लेन्स घेताना एक छोटी विजेरी खिशात ठेवावी. लेन्सचे तोंड पूर्ण उघडून मागून उजेड टाकावा आणि पुढून तिरपे पाहावे. धुळीचे चार कण दिसले तर घाबरू नये, ते प्रत्येक लेन्समध्ये असतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले, तर लेन्स खाली ठेवावी : ती बुरशी आहे. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, लेन्सचा खरा शत्रू पडझड नसून हीच आहे. दमट हवेत, अंधारात, बंद कपाटात ती वाढते, काचेवरचा लेप खाते आणि एकदा खोल गेली की साफ करूनही डाग राहतो. चामड्याचे देखणे घर ओल धरून ठेवते, म्हणून त्यात लेन्स कायम ठेवू नये. झाकण घट्ट बसेल असा स्वयंपाकघरातला डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि दमटपणा दाखवणारे एक छोटे घड्याळ ठेवावे. काटा चाळीस-पन्नासच्या दरम्यान असावा. साठाच्या वर गेला की पुड्या बदलाव्यात किंवा तापवून पुन्हा कोरड्या कराव्यात. आणि जून ते सप्टेंबर दर आठवड्याला प्रत्येक लेन्स बाहेर काढून, उजेड दाखवून, निदान चार फोटो तिने घ्यावेत. दोन-तीन लेन्स असतील तर हे अर्ध्या तासात होते.